मास्क खाली कोणी केला

वहिनींना घाणीची किळस कधी वाटली नाही. वाटून भागणारही नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी त्या लॉन्ड्रीवाल्यांच्या घरात लग्न होऊन आल्या आणि आठव्या दिवशी सासूबाईंनी त्यांना दुकानामागच्या डागांच्या खोलीत नेलं. खोली कसली, एक खिडकी, एक लांब टेबल, वर पांढरा दिवा आणि भिंतीला लागून सहा पिंपं. सासूबाईंनी एक चादर पुढे केली. तिच्यावर तपकिरी डाग होता.

"कशाचा?"

"चॉकलेटचा असेल," नवी सून म्हणाली.

"हे डोळ्यानं झालं. आता हुंग."

सुनेनं नाक लावलं. गंजलेल्या खिळ्यासारखा वास आला. रक्त होतं.

"चॉकलेट म्हणून गरम पाण्यात टाकली असतीस तर हा डाग तुझ्या नातवंडांनी बघितला असता. रक्ताला गार पाणी लागतं. सुकले की सगळे डाग सख्खे भाऊ दिसतात, म्हणून आधी नाक, मग पिंप. सैन्य पोटावर चालतं म्हणतात ना, लॉन्ड्री नाकावर चालते."

त्या दिवसापासून वहिनींनी लोकांचं रक्त, ओकारी, लघवी, पू, सांडलेली आमटी आणि सांडलेली दारू, सगळं निर्विकारपणे नाकाशी नेलं. पण त्यांचं नाक बेताचंच निघालं. बारा महिने शिंका. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दुकानात नाकाचं माणूस शोधायची वेळ आली, आणि मागच्या गल्लीतली एक बावीस वर्षांची काटकुळी मुलगी काम मागायला आली. सासूबाईंनी पलंगावरूनच तिची परीक्षा घेतली. डोळे मिटायला लावले आणि तीन हातरुमाल दिले.

"पहिला चहाचा, दुधाच्या," मुलगी म्हणाली. "दुसरा घामाचा, बाईच्या." तिसऱ्यावर ती थांबली. "याच्यावर डाग नाहीच. पण हा खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलेला होता."

सासूबाईंनी उशीखालची बाटली काढून सुनेला दाखवली. "हिला ठेव. पळून जायला लागली तर मागं धाव."

ती पळाली नाही. एकोणीस वर्षं त्या टेबलाशी उभी राहिली. सगळे तिला नाकवाली म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. गावातल्या अर्ध्या संसारांची खबर तिला कपड्यांवरून लागायची, पण तोंडाची घट्ट होती. फक्त इस्त्रीवाला सकाळी उशिरा येऊन थापा मारायला लागला की म्हणायची, "तू नको बोलूस, तुझा सदरा बोलतोय." मग दिवसभर इस्त्रीवाला खाली मान घालून काम करी.

वहिनींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. धुण्याचं काम वहिनींना येत होतं, कागदांचं येत नव्हतं. ते यजमानांच्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं. ते वकील. "वहिनी, घरचाच माणूस आहे मी, फी कसली घ्यायची," असं म्हणत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या घरचे सगळे पडदे, पलंगपोस आणि दोन काळे कोट धुवायला पाठवत. भावजींवर वहिनींचा विश्वास होता. नवऱ्याचा चेहरामोहरा होता त्यांना, तीच हनुवटी. हनुवटीवर विश्वास टाकणारे लोक जगात पुष्कळ असतात.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानांच्या फळ्या लागल्या. वहिनींनी एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहून काढले आणि भावजींना फोन लावला. लॉन्ड्री अत्यावश्यक सेवेत बसते का? कामगार भीतीने आला नाही तर त्याला कामावरून काढता येतं का? आला आणि आजारी पडला तर जबाबदारी कोणाची? गिऱ्हाइकाचे कपडे दोन महिने पडून राहिले आणि कसर लागली तर? आजाऱ्यांचे कपडे घ्यायला नाही म्हणता येतं का?

भावजी आनंदात होते. साथीत वकिलांना सुगीचे दिवस आले होते. "एकेक घेऊ," ते म्हणाले. "बसते. काढता येत नाही, पण त्याला ते कळवायची गरज नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी कागद करून देतो. चौथ्याचं उत्तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे, कोणी वाचत नाही. पाचवा महत्त्वाचा. रुग्णांचे कपडे घेऊच नका."

"का?"

"सरकारी हुकूम आहे. रुग्णाचे कपडे पिवळ्या बंद पिशवीत यायला हवेत. पिशवी न उघडता उकळत्या मशीनमध्ये जायला हवी. निवडायचं नाही, झटकायचं नाही. तुमच्याकडे ते मशीन कुठे आहे?"

नव्हतंच. म्हणून वहिनींनी सगळ्या मोठ्या गिऱ्हाइकांकडून लेखी घेतलं: फक्त निरोगी पाहुण्यांचे कपडे पाठवू. त्यातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक स्टेशनजवळचा लॉज. एकोणचाळीस खोल्या, रोजची दोन गाठोडी.

तिसऱ्या प्रश्नाचा कागद भावजींनी दुसऱ्याच दिवशी पाठवला. कामावर असताना लागण झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही, असं कामगारांनी त्यावर लिहून द्यायचं होतं. नाकवालीने तो दोनदा वाचला.

"आजाराचीही सही घ्या की याच्यावर. त्यालाही कळू दे, कुठे जबाबदार आहे आणि कुठे नाही."

"कर गं सही. सगळीकडे घेतायत."

"सगळीकडे घेतायत म्हणून तर विचारतेय." पण तिने सही केली. घरी म्हातारा आजारी बाप आणि शाळेतली मुलगी होती. नवरा कधीचाच परागंदा. सही न करणं ही चैन तिला परवडणारी नव्हती, हे वहिनींना माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी पेन पुढे केलं. नंतर या पेनाचीही त्यांना शिसारी आली, पण ते नंतर.

भावजींनी एक पाटीही छापून दिली: 'मास्क नाकावरून खाली करू नये. आज्ञेवरून.' ती डागांच्या खोलीतच लावली.

"मग हुंगायचं कसं?" नाकवालीने विचारलं.

"बघून कर."

"बघायला मी कशाला? डोळे इस्त्रीवाल्यालाही आहेत, दोन."

दोन महिने तिने बघून केलं. मास्क नाकावर, चष्मा वाफेने धुरकटलेला, आणि सगळे डाग सख्खे भाऊ. व्हायचं तेच झालं. लॉजच्या अकरा चादरी गरम पाण्यात गेल्या आणि तपकिरी ठिपके पक्के होऊन बाहेर आले. लॉजवाल्याने फोनवर वहिनींची खरडपट्टी काढली. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन म्हणाला. तो गेला असता तर लॉन्ड्रीचं शटर आठवड्यात खाली आलं असतं.

पुढचा मंगळवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लॉजची गाडी आली. नेहमीची पांढरी गाठोडी, पण दोनच्या जागी पाच. नाकवालीने पहिलं सोडलं आणि हात मागे घेतला.

"वहिनी, जरा या."

वहिनी दारात आल्या.

"मास्कमधूनसुद्धा येतोय. औषधाचा वास. आणि घाम आहे तो कष्टाचा नाही. तापातला आहे."

वहिनींनी तिथूनच लॉजवाल्याला फोन लावला. तो हसला. "अहो, म्हातारे प्रवासी अडकलेत इथे. रात्रंदिवस बाम चोळतात. आमच्याच नाकात बसलाय तो वास."

वहिनींना ते पटलं का? खरं सांगायचं तर पटवून घेतलं. नाकवालीने एकोणीस वर्षांत बामाला ताप म्हटलं नव्हतं. पण त्या पाच गाठोड्यांवर दुकान उभं होतं आणि वहिनींच्या डोळ्यांपुढे त्या अकरा चादरी होत्या.

"बाम आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, यावेळी चूक नको. मास्क कर खाली आणि नाक लाव."

"पाटी?"

"पाटी माझीच आहे. लाव नाक."

नाकवालीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्क हनुवटीवर ओढला आणि एकेक चादर नाकाशी नेली. "रक्त. रक्त. सूप. ओकारी. रक्त." दुपारी एकपर्यंत पाचही गाठोडी पिंपांत गेली. एकही डाग राहिला नाही. मधेच इस्त्रीवाला डोकावला आणि त्याने गंमत म्हणून फोनवर तिचा फोटो काढला: मागे पाटी, पुढे नाकवाली, मास्क हनुवटीला, नाक चादरीत. "आज्ञेवरून," असं म्हणून तो हसला. वहिनीही हसल्या होत्या.

रविवारी तिला ताप भरला. बुधवारी इस्पितळात नेलं. अठरा दिवस ऑक्सिजनच्या नळीवर होती. जगली. घरी आली तेव्हा चार पायऱ्या चढून पाचवीवर बसत होती, आणि नाक गेलं होतं. मुलीने तिच्या नाकाखाली लसूण धरला, फिनेल धरलं, जळकी चिंधी धरली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. फुप्फुसांबद्दल त्यांनी कदाचितही म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी तिने कामगार कार्यालयात अर्ज केला: कामामुळे आजार झाला, मालकाने भरपाई आणि औषधोपचार द्यावा. अर्जाची प्रत वहिनींना आली. त्यात मंगळवारची हकीकत जशी घडली तशी होती. 'मालकीणबाईंनी मास्क खाली करायला सांगितलं.' ना कमी, ना जास्त.

भावजी तो कागद घेऊन बसले. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"घाबरू नका. कायदा इथे एकच प्रश्न विचारतो. मास्क खाली कोणी केला? तुम्ही केलात? तुमचा हात लागला तिच्या मास्कला?"

"हात नाही, पण तोंड—"

"तोंडाचा साक्षीदार कोण?"

"कोणी नाही. आम्ही दोघीच."

"झालं तर." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "पाटी होती. मास्क पुरवले होते, पावती आहे. तिची सही आहे. आणि हा फोटो." इस्त्रीवाल्याचा फोटो त्यांच्याकडे कसा पोचला, हे वहिनींनी विचारलं नाही. इस्त्रीवाल्याला कामावर राहायचं होतं. "देवाने दिलेला फोटो आहे हा. पाटीखाली उभी राहून पाटी मोडतेय."

"भावजी, मीच सांगितलं होतं तिला."

"हे वाक्य तुम्ही मला सांगू नका. मला सांगितलंत तर मला माहीत होईल." बिस्किट तुटून कपात पडलं. ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. "तिने हयगय केली, तिने भोगलं. तुमचं मन हळवं आहे, म्हणून तर दादा म्हणायचा, कागद वहिनीच्या हातात देऊ नकोस."

"लॉजवाल्याचं काय? चादरी त्याच्या होत्या."

"त्याला मध्ये ओढू नका," भावजी जरा घाईने म्हणाले. "गिऱ्हाईक आहे. आणि तुमच्याकडे पुरावा काय? कपडे तर तुम्हीच धुऊन टाकलेत."

त्यांनी जबाब लिहिला. 'अर्जदार बाईने वारंवार सूचना देऊनही स्वतःच्या मर्जीने मास्क काढला.' वहिनींनी वाचला. 'वारंवार' या शब्दाशी थांबल्या, मग सही केली. दुकान, पाच माणसांची पोटं, यजमानांचं नाव, सगळी कारणं त्यांनी मनात एकापुढे एक मांडली आणि सही केली. त्या रात्री त्यांनी ताट पुढे ओढलं आणि परत सारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना किळस म्हणजे काय ते कळलं, आणि ती धुवायला कुठल्या पिंपात टाकावी ते कळेना.

तीन आठवडे असेच गेले. सुनावणी सोमवारी होती. शुक्रवारी वहिनी उठल्या आणि कोणाला न विचारता लॉजवर गेल्या. एकच गोष्ट त्यांना पाहिजे होती. ते प्रवासी होते की रुग्ण, हे एकदा त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. बामच होता असं तो म्हणाला असता तर कदाचित सोमवारी त्या गप्प बसल्या असत्या. माणूस स्वतःसाठी अशा फटी ठेवतो.

लॉजवाला जेवत होता. त्याने खुर्ची दाखवली आणि जेवतच राहिला.

"आता झाली ना साथ कमी, आता काय लपवायचं," तो म्हणाला. "दोन मजले दिले होते रुग्णांना. श्रीमंत माणसं. इस्पितळात जागा नाही, घरी ठेवायची भीती. बरं चाललं."

"मग पिवळ्या पिशव्या?"

"पिवळ्या पिशव्या दारात दिसल्या असत्या तर साधी गिऱ्हाइकं आली असती का? आणि बंद पिशवीचं धुणं दुप्पट दराचं. विचारूनच केलं हो मी, असा तसा नाही करत." त्याने बोटं चाटली. "तुमचे भावजीच म्हणाले, पांढऱ्यात पाठवा. हुकमात रुग्णालयाच्या कपड्यांबद्दल लिहिलंय, लॉजच्या कपड्यांबद्दल लिहिलेलं नाही. आणि तुम्ही लिहून घेतलंय त्यात 'निरोगी' म्हणजे काय याची व्याख्या नाही, म्हणाले. डोकं आहे बघा त्या माणसाला. पहिल्यापासून माझं काम तेच बघतात. सांगितलं असेल की तुम्हाला. घरातल्या घरात तर आहे सगळं."

वहिनींनी टेबलाची कड धरली. त्याच्या ताटाकडे त्यांना बघवेना.

"पाणी देऊ का?" लॉजवाल्याने विचारलं. माणूस वाईट मनाचा नव्हता, हेच जास्त घाणेरडं होतं.

संध्याकाळी भावजी आले. सोमवारी काय बोलायचं त्याची उजळणी घ्यायची होती. वहिनी काउंटरमागे बसून होत्या. आज चहा ठेवला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं, त्या चादरी कसल्या आहेत."

भावजींनी क्षणभर विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा नसावा; कुठल्या कलमाखाली बोलावं याचा असावा.

"वहिनी, वकिलाला एका अशिलाचं गुपित दुसऱ्या अशिलाला सांगता येत नाही. तो आमच्या पेशाच्या नीतीचा प्रश्न आहे."

"नीतीचा."

"हो. मला किती जड गेलं असेल याचा विचार करा. म्हणून तर मी आधीच म्हटलं होतं तुम्हाला, रुग्णांचे कपडे घेऊ नका."

"आणि त्याला म्हणालात पांढऱ्यात पाठव."

"त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मी त्याला दिलं. तुम्ही जे विचारलंत त्याचं तुम्हाला. दोन्ही उत्तरं कायद्याने बरोबर आहेत."

"आणि तिने कोणाला विचारायचं?"

"ती माझी अशील नाही," भावजी म्हणाले. ते अगदी सहज म्हणाले. बोलताना हनुवटी खाजवत होते. वहिनींनी त्या हनुवटीकडे पाहिलं आणि त्यांना मळमळलं. चौतीस वर्षांत ओकारीने भरलेल्या उशीच्या अभ्र्यांनी जे झालं नव्हतं ते त्या दाढी केलेल्या, अत्तर लावलेल्या चेहऱ्याने झालं.

"तुमचे पडदे धुऊन ठेवलेत," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. पुन्हा पाठवू नका."

"रागावलात. स्वाभाविक आहे. सोमवारी फक्त एवढं लक्षात ठेवा, विचारलं तेवढंच बोलायचं."

सोमवारी कामगार कार्यालयात वहिनी एकट्या गेल्या. दुसरा मजला, लांब बोळ, दोन-दोन खुर्च्या सोडून एक खुर्ची फुलीने बंद केलेली. निरीक्षक बाई टेबलामागे, मध्ये काच, काचेला खाली कागद सरकवायची फट. एका बाजूला नाकवाली मुलीबरोबर बसली होती. वहिनींना तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिचा मास्क डोळ्यांच्या कडांपर्यंत वर होता. आता त्या मास्कने तिचं काय राखलं जाणार होतं कोण जाणे.

निरीक्षक बाई छापील प्रश्न वाचत गेल्या. कामाचं स्वरूप, तास, मास्क दिले का, पाटी होती का. वहिनी हो म्हणत गेल्या.

"प्रश्न नऊ. मास्क काढण्याचं कारण. तुमच्या जबाबात लिहिलंय, स्वतःच्या मर्जीने. तसंच ठेवू?"

"नाही. मी सांगितलं म्हणून काढला."

निरीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "परत सांगा."

"डाग हुंगल्याशिवाय ओळखता येत नाहीत. ते काम मीच तिला एकोणीस वर्षं करायला लावलं. त्या दिवशी ती म्हणाली, कपडे तापातल्या माणसांचे आहेत. मी म्हटलं बाम आहे, मास्क खाली कर, नाक लाव. पाटी दाखवली तिने. पाटी माझीच आहे म्हटलं."

"मग हा फोटो?"

"तो तेव्हाचाच. मी तिथेच होते. हसत होते."

"बाई, पहिला जबाब खोटा होता असं तुम्ही म्हणताय. त्याची वेगळी कारवाई होते. डागांची खोली बंद करायचा हुकूम मला काढावा लागेल. वकिलांना बोलवायचंय का?"

"वकिलांना माहीत आहे सगळं," वहिनी म्हणाल्या. "आणि लॉजचं नावही लिहून घ्या. दोन मजले, रुग्ण, पांढरी गाठोडी. सल्ला कोणाचा तेही सांगते."

सांगून झालं तेव्हा पावणेबारा वाजले होते. हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती. काही हलकं वाटलं नाही. निरीक्षक बाईंनी कागद फटीतून सरकवला, वहिनींनी प्रत्येक पानावर सही केली. उठून वळल्या तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलीला शाळा असेल, असं वहिनींनी स्वतःला सांगितलं.

निकाल सात आठवड्यांनी लागला. आजार कामामुळेच झाला, असं ठरलं. नाकवालीला भरपाई आणि औषधोपचार मंजूर झाला. वहिनींना खोट्या जबाबाबद्दल दंड झाला आणि डागांची खोली साठ दिवस बंद राहिली. लॉजचं काम गेलं. इस्त्रीवालाही गेला, लॉजनेच त्याला ठेवून घेतला. लॉजवाल्याला नोटीस निघाली, तिचं उत्तर भावजींनी दिलं, आणि त्या उत्तराचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही. नातेवाइकांत मात्र वहिनींचं नाव झालं. जाऊबाईंनी फोन करून सांगितलं, "बाहेरच्या बाईसाठी घरच्या माणसाला उघडं पाडलंत. दादा असते तर?" दादा असते तर दादांनी आधीच्या कागदावर सही केली असती, अशी शंका वहिनींना येत होती. त्यांनी फोन ठेवला.

निकालानंतर नवव्या दिवशी नाकवाली दुकानात आली. दारापासून काउंटरपर्यंत येताना दोनदा थांबली. वहिनींनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही, टेकून उभी राहिली.

"भरपाईच्या फायलीला कागद लागतोय. एवढी वर्षं इथे होते असा दाखला. आणि काम का सुटलं ते."

"देते की. बस ना. चहा—"

"नको. मला काय, चहा आणि गरम पाणी एकच."

वहिनींनी लेटरहेड काढलं. तारखा लिहिल्या. मग म्हणाल्या, "मी सोमवारी सगळं खरं सांगितलं गं. तू थांबली नाहीस."

"ऐकलं मी. ऐकून उठले."

"मग?"

"मग काय. त्याच्या आधीचा कागद मला पोस्टाने आला होता, वहिनी. मुलीने मोठ्याने वाचला. बाबा ऐकत होते. वारंवार सूचना देऊनही. बाबा म्हणाले, का गं, एवढं वारंवार सांगत होत्या तर ऐकायचं होतंस. नळीवरून येऊन मला तीन महिनेही झाले नव्हते. माझ्याच बापाला मी खोटी वाटले, तीन आठवडे."

वहिनींनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

"तुम्ही सोमवारी बोललात ते भावजींच्या रागाने," नाकवाली म्हणाली. "माझ्यासाठी बोलायचं होतं तर पहिल्याच दिवशी बोलला असता. असो. भरपाई मिळाली, तुमच्यामुळे मिळाली, ते मी नाकारत नाही. कारण लिहा."

वहिनींनी लिहिलं: 'प्रकृतीच्या कारणामुळे काम सोडले.' कागद तिच्यापुढे सरकवला. तिने वाचला आणि परत सरकवला.

"हे नको. उद्या नाक परत आलं तरी मी यायची नाही. मग प्रकृतीचं कारण कसं?"

"मग काय लिहू?"

"मालकीणबाईंवर विश्वास राहिला नाही म्हणून."

"असं दाखल्यावर लिहीत नाहीत गं कोणी. तुलाच पुढे अडचण येईल."

"पुढे मला कोण ठेवतंय हुंगायला," नाकवाली म्हणाली. "लिहा."

वहिनींनी पहिली ओळ खोडली. खोडलेला कागद नको म्हणून दुसरं लेटरहेड घेतलं, पुन्हा तारखा घातल्या, पुन्हा वर्षं घातली, आणि ती म्हणाली होती तसंच्या तसं, सरळ अक्षरांत लिहिलं. खाली सही केली. शिक्क्याची शाई वाळत आली होती. दुकानाचं नाव अर्धंच उमटलं.

"हे कार्यालयात चालणार नाही," नाकवाली कागदाकडे बघत म्हणाली. "पुन्हा मारा. जोरात."